गळा बसला त्या दिवशीची दवंडी

देवू सरावलीचा कोतवाल. तारापूरला वीजघराचं बांधकाम सुरू झालं होतं, त्या काळात साऱ्या पाड्यांवर सरकारचा निरोप पोचायचा तो याच्याच गळ्यातून. डफावर दोन थापा मारून तो 'ऐका हो' ओरडला, की भांडणारे नवराबायकोसुद्धा गप्प होत. लोक म्हणजे नुसते कान, असं देवूचं पक्कं मत. बोलायचं आपण, त्यांनी ऐकायचं. या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता.

एका वैशाखात कचेरीनं पाड्यापाड्यांवर भाताचं नवं बियाणं वाटलं. वाटून झाल्यावर साहेबांना आठवलं, की बियाण्याला विषारी औषध चोळलंय हे सांगायचंच राहिलं. वरातीमागून घोडं! "कांडून खाऊ नका म्हणावं," देवूला हुकूम झाला. आणि नेमका त्याच दिवशी देवूचा घसा असा बसलेला, की तोंडातून नुसता वारा. त्यात घरोघरी दाणागोटा संपत आलेला. शेवटच्या पाड्यावर तर त्याची लेक लाडकी, तिची दोन पोरं. देवूनं डफ उचलला आणि तडक वाट धरली.

तो डफ वाजवी, माणसं जमत, मग तो एकाच्या कानात कुजबुजे आणि तो माणूस बाकीच्यांना ओरडून सांगे. प्रत्येक पाड्यावर उशीर होत होता. मोळ्या घेतलेल्या बाया ऐकून घेत आणि भराभरा पुढे निघून जात. देवूला त्यांचा रागच आला. इथं जिवाशी खेळ चाललाय आणि यांना घरची घाई!

शेवटच्या पाड्यावर पोचला, तर लाडकीच्या घरातून मुसळाचे ठोके ऐकू आले. तो धावतच आत शिरला, कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला आणि मूठभर दाणे नाकाशी नेले. औषधाचा उग्र वास! ओरडायला गेला, तर शब्द फुटेना.

लाडकीनं मुसळ टाकलं आणि त्याच्या हातावर सणसणीत फटका मारला. दाणे भुईवर सांडले.

"बा, तोंडात टाकू नको! त्याला विषारी औषध लावलाय. मी घरचा जुना भात कांडतंय. मोळीवाल्या बाया मघाशीच सांगून गेल्या. एवढी दवंडी झाली, तुला म्हाईत नाय?"

अंगणात पोरं धुळीत लोळत होती, ठणठणीत. देवू मटकन खाली बसला. त्याला हसूही आवरेना नि रडूही.

"आधी हात धू," लाडकी म्हणाली.

देवूनं मुकाट्यानं हात धुतले.