सर्व्हे नंबर चौऱ्याऐंशीची दवंडी

धानोरखेडच्या नगरपालिकेत इंद्रभान शिपाई होता, पण गाव त्याला ओळखायचं ते दवंडीवाला म्हणून. नळाची वेळ बदलली, घरपट्टीची मुदत आली, की गळ्यात हलगी अडकवून तो चौकाचौकांत उभा राहायचा. आवाज असा खणखणीत, की मंगरूळपीरच्या एसटीत बसलेली माणसंही खिडकीतून डोकं बाहेर काढायची.

त्र्याहत्तर साली गावाचा विकास आराखडा झाला. कुठली जमीन कशासाठी, हे नकाशावर रंगांनी ठरलं. घरांना पिवळा, शेतीला हिरवा. मोजणीची फीत इंद्रभाननंच धरली होती. गावातल्या संडासांचा मैला गाड्यांतून नेऊन जिथं त्याचं खत करायचं, तो डेपो पश्चिमेच्या मुरमाड माळावर दाखवला होता. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं.

मग अध्यक्षांच्या भावानं तो माळ विकत घेतला. आठ दिवसांत माळ पिवळा झाला आणि डेपो सरकला नाल्याकाठी, सर्व्हे नंबर चौऱ्याऐंशीत. तो गोजराबाईचा मळा. मेथी, पालक, वांगी. अर्धं गाव तिच्या विहिरीवरची भाजी खायचं.

अध्यक्षांनी बदलाची नोटीस इंद्रभानच्या हातात दिली.

"बोर्डावर लावतो, साहेब."

"बोर्डावर नाही. मागच्या गल्लीत लाव."

"तिथं तं मुतारी हाय!"

"मंग? भिंतच हाय न? अन् दवंडी देऊ नको. कायद्यापुरतं झालं म्हणजे झालं."

इंद्रभाननं श्वास कोंडून खळ फासली आणि कागद चिकटवला. त्यात जागा दोन होत्या: चौऱ्याऐंशी नंबर, आणि तो जमला नाही तर पुलापलीकडची. हरकतीला मुदत साठ दिवसांची. चार दिवसांनी तो तिकडं गेला, तर एक जण नोटिशीवरच धार धरून उभा होता. 'सर्व्हे नंबर' ही अक्षरं ओघळून खाली आली होती. त्या दिवशी घरी ताटात मेथीची भाजी आली. त्यानं ताट सारलं आणि न जेवताच उठला.

तरी तो आणखी आठ दिवस गप्प राहिला. नोकरी होती, लेकरं होती. बाजाराच्या दिवशी मात्र त्यानं कुणाला न विचारता हलगी उचलली.

"ऐका हो ऐका! गोजराबाईच्या विहिरीपाशी, नाही तं पुलापलीकडं, गावाचा मैला येऊन राह्यला! साठ दिवसांत हरकत लिहून द्या! नोटीस मुतारीपाशी हाय, नाक दाबून वाचा!"

गोजराबाई टोपली टाकून पुढं आली. "इंद्रभान, तुले कोणं सांगतलं हे?"

"कागद म्याच लावला, बाई."

"कवा?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस माह्यापासून भाजी घेऊन गेला, अन् तोंडातून शब्द नाही काढला?"

इंद्रभान खाली वाकून तिची सांडलेली भाजी टोपलीत भरू लागला.

कापड दुकानदार पदमचंदनं गाद्यांवरची ठाणं बाजूला केली आणि तिथंच अर्ज लिहायला बसला. मळेवाले रांगेनं अंगठे उठवत होते. त्रेसष्ट हरकती झाल्या. दुसऱ्या दिवशी इंद्रभानची हलगी काढून घेतली गेली आणि त्याची बदली जकात नाक्यावर झाली. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

चार महिन्यांनी निकाल आला. चौऱ्याऐंशी नंबर पुन्हा हिरवा झाला. गोजराबाई नाक्यावर वांग्यांची टोपली घेऊन आली.

"घे. राग गेला माहा."

"मंग डेपो कुठं गेला? माळावर?"

"माळावर तं प्लॉट पडून राह्यले. डेपो पुलापलीकडं गेला म्हणतात. तिकडून एकही हरकत नव्हती."

पुलापलीकडं झाडूवाल्यांची वस्ती होती. इंद्रभान तसाच उठून तिकडं गेला. वस्तीच्या दारांपासून वीस पावलांवर गाडी रिकामी होत होती. माश्यांनी हवा काळी झाली होती. अंजना नावाची एक बाई पदरानं तोंड झाकून लेकराचं ताट धूत होती.

"तुमी हरकत काहून नाही घेतली?" त्यानं विचारलं.

"कायची हरकत?"

"म्या दवंडी देल्ली होती न."

तिनं ताट खाली ठेवलं. "तुमची दवंडी पुलाच्या इकडं आली कवा, भाऊ? म्या तं कधी आयकली नाही."

एकोणीस वर्षं तो पुलापासून माघारी फिरत होता. तिकडं जाऊ नको असं कुणीही त्याला सांगितलं नव्हतं. त्या बाजारच्या दिवशीही, साहेबाचा हुकूम मोडताना, त्याचे पाय सवयीनं तिथूनच वळले होते.

पदमचंदकडून त्यानं आणखी एक अर्ज लिहून घेतला आणि वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे घेतले. नगरपालिकेनं अर्जावर 'मुदत संपली' असा शेरा मारून तो परत पाठवला. डेपो तिथंच राहिला.

पुढं लग्नाकार्यात मळेवाले त्याला मुद्दाम पुढच्या पंगतीत बसवायचे. "हेच ते इंद्रभानभाऊ," कुणीतरी पाहुण्यांना सांगायचं, "यायनंच गाव वाचवलं." मग इंद्रभानच्या तोंडाची चव जायची. तो पत्रावळीवर पाणी फिरवायचा आणि मांडवाबाहेर निघून जायचा.