जोडणीतलं रबर

पंक्चरच्या दुकानापुढून जाताना जुन्या ट्यूबचा वास आला की मला शहागडची ती उसाची ट्रॉली आठवते. सत्तरच्या दशकात मी तिथं शाळेत विज्ञान शिकवायचो. शेजारचा ट्रॅक्टर ड्रायव्हर दिवेलागणीला ट्रॉली मागं घेताना कठडा नसलेल्या विहिरीत पडता पडता वाचला, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात ट्रॉलीच्या मागं दोन दिवे बसवायला घेतले. बॅटरीपासून एकच वायर मागं नेलेली बघून तो म्हणाला, "गुरुजी, करंट जातो ह्यातून, पण वापस कुठून येतो?" "लोखंडातून. ट्रॉलीतून जोडणीच्या पिनेत, तिथून ट्रॅक्टरात," मी फळ्यासमोर सांगावं तसं सांगितलं. अंधार पडल्यावर ट्रॉलीची मागची बाजू विहिरीकडे करून बटण दाबलं, तर दिवे लागेनात. तासभर मी बल्ब बदलले, वायरी खरवडल्या, स्वतःवरच चिडलो. तो मात्र जोडणीपाशी उकिडवा बसून बघत होता. "लई खडखड करती म्हणून मीच हितं ट्यूबचं रबर कोंबल्तं. त्यानंच तर वाट अडवली न्हाई ना?" त्यानं रबर उपसून काढलं आणि विहिरीचा काठ लख्ख उजळला. आता वाटतं, त्या तासाभरात मी सगळं तपासलं होतं, फक्त ट्रॉली रोज चालवणाऱ्याला काही विचारलं नव्हतं.