मधल्या घरातला गोळा

काच पुसून खाली उतरले की लख्खभाऊ दोन पावलं मागं सरायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "लख्ख!" ऐकायला कुणी असो वा नसो. यावरून लोकांनी त्यांचं नावच ते पाडलं. शिडी, बादली, पाणी ओढायची रबरी पट्टी आणि खांद्यावर फडकी, एवढ्या भांडवलावर या माणसाने घराघरांच्या खिडक्या पुसत अर्धा जन्म काढला.

आता घरांच्या कामात मजा असते हे खरं, पण वैताग काय कमी असतो? खिडकीतल्या कुंड्या आधी उचला, मग पुन्हा जशाच्या तशा ठेवा. कुठे कुत्रं अंगावर येतं. कुठे दारात गेल्यावर सांगतात, आज नको हो, पाहुणे आहेत. त्यात शिडी चढून चढून लख्खभाऊंचा गुडघा कुरकुरायला लागला होता. बायको रोज रात्री तेल चोळायची आणि चोळता चोळता एकच पालुपद लावायची, की दुकानं धरा. दुकानाची काच जमिनीलगत असते, ठरलेल्या दिवशी ठरलेलं काम, ना कुंडी ना कुत्रं. लख्खभाऊ म्हणायचे, दुकानाच्या काचेमागे माणूस नसतो गं, पुतळे असतात. त्यावर ती म्हणायची, पुतळे बरे, गप्पांत वेळ तरी घालवत नाहीत. बाई चुकीचं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

शेवटी गुडघ्यानेच निकाल दिला. बाजारपेठेतली चष्म्याचं, बुटांचं, फर्निचरचं, अशा दुकानांची अख्खी रांग लख्खभाऊंनी घेतली आणि घरं सोडली. एक घर सोडून.

त्या घराच्या वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ खाटेला खिळलेले होते. लख्खभाऊ त्यांना काका म्हणत. काकांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती. झटका आला तेव्हा वाचा गेली, एक बाजू गेली, उरला फक्त डावा हात. सून जीव लावून करायची, पण तीही दिवसभर बोलणार किती, आणि उत्तर न येणाऱ्या माणसाशी बोलणार काय?

एकदा काचेला फेस फासल्यावर लख्खभाऊंनी सहज चाळा म्हणून बोटाने फुली-गोळ्याची चौकट काढली. आतून डावं बोट उठलं आणि मधल्या घरावर टेकलं. लख्खभाऊंनी तिथे गोळा काढला, शेजारी स्वतःची फुली मारली. झालं, तेव्हापासून रिवाजच पडला. आधी डाव, मग पुसणं. काका सुरुवात नेहमी मधल्या घरानेच करायचे. वर लबाडी इतकी, की हरायला लागले की भरलेल्या घरावर बोट ठेवून भोळा चेहरा करायचे. आणि लख्खभाऊंनी मुद्दाम हार खाल्ली की काचेवर टकटक करून रागवायचे. बोलणं बंद झालेल्या माणसाचं तेवढंच काय ते बोलणं होतं, आणि ते लख्खभाऊंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर बायकोला त्यांनी बजावलं होतं, "बाकी सगळी घरं गेली तरी चालतील. ते एक सोडायचं नाही."

सुरुवातीला पाळलंही. पण दुकानांचं गणितच निराळं. गिऱ्हाईकं यायच्या आत काचा झाल्या पाहिजेत. एक दुकान चांगलं झालं की शेजारचा बोलावतो. काकांकडची एक खेप हुकली, मग दुसरी. पुढच्या वेळी नक्की, असं लख्खभाऊ स्वतःलाच सांगत राहिले. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

दुकानांनी हातालाही निराळं वळण लावलं. काचेतून आत डोकावलेलं मालकांना खपत नाही, म्हणून लख्खभाऊंनी नजर काचेवरच थांबवायला शिकून घेतलं. डाग दिसायचा, त्यामागचं काही दिसायचं नाही. फेस, पट्टी, पट्टी, संपलं. गडी वाऱ्यासारखा काम उरकायला लागला आणि त्याचा त्यांना गर्वही झाला.

मग एके दिवशी चष्मेवाल्याने दुकान उशिरा उघडणार म्हणून निरोप धाडला. मोकळा वेळ मिळाला, तसे लख्खभाऊ तडक काकांच्या घरी गेले. शिडी लावली, चढले, फेस फासला आणि सवयीच्या हाताने पट्टी ओढून मोकळे झाले. खाली येऊन फडकं पिळत होते तोवर सून दारात आली.

"भाऊ, आज डाव नाही? त्यांनी बोट टेकवून ठेवलं होतं. तुम्ही त्यावरूनच पट्टी फिरवलीत."

लख्खभाऊंनी वर खिडकीकडे बघितलं. शिडी अजून भिंतीलाच होती. चार पायऱ्या चढले असते तर काय बिघडणार होतं? पण गुडघा ठणकत होता, चष्मेवाला वाट बघत असणार होता. पुढच्या वेळी दोन डाव खेळू म्हणून सांगा, असं म्हणून त्यांनी शिडी उचलली. बस, एवढंच केलं त्यांनी. पण तेवढं पुरलं.

पुढची खेप व्हायला बरेच दिवस गेले. या वेळी लख्खभाऊ दुकानांना सुट्टी सांगून आले होते. फेस फासून त्यांनी छान मोठी चौकट काढली आणि थांबले. बोट आलं नाही. फेस ओघळला, चौकट वाकडी झाली, तरी थांबले. मग पट्टी ओढून आत बघितलं तर खाट फिरवलेली होती. खिडकीकडे काकांची पाठ, तोंड भिंतीकडे.

काचेच्या मधोमध एक डाग मात्र राहिला होता. लख्खभाऊंनी घासला, पुन्हा साबण लावून घासला, हटेना. मग ध्यानात आलं, डाग आतून आहे. बोटाचा.

ते फडकं घेऊन आत गेले. सून हळू आवाजात सांगू लागली, "तुम्ही येत नव्हतात तेव्हाही तुमच्या दिवशी बोट टेकवून बसायचे. मला पुसू द्यायचे नाहीत. त्या दिवसानंतर मात्र खुणेने सांगितलं, खाट फिरव."

लख्खभाऊ खाटेशी उभे राहिले. "काका, चुकलो मी," ते म्हणाले. "काच बघत बसलो, तुम्हाला बघितलंच नाही. खाट फिरवू का परत? खेळू या."

काकांनी मान वळवली नाही. डावा हात तेवढा उचलला, न बघताच मागे खिडकीकडे बोट केलं आणि हवेत पुसल्यासारखा पंजा फिरवला.

सून पदराने डोळे टिपत आत निघून गेली. लख्खभाऊंनी तो डाग पुसला. दोन पावलं मागं सरून सवयीने मान तिरकी केली. काच अशी झाली होती की आहे की नाही कळू नये. शब्द त्यांच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला.