पांढरा टेप

माझ्या वडिलांनी आयुष्यात पांढरी वस्तू विकत घेतली नाही. माझं दप्तर तपकिरी, स्वेटर मातकट, शाळेत जायची सायकल काळी. दुकानदाराने काहीही पुढे केलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मळखाऊ काय आहे?" त्याच माणसाने गेल्या वर्षी माझ्या वहिनीबरोबर दुकानात जाऊन तिच्या सायकलच्या हँडलसाठी पांढराशुभ्र टेप निवडला. तो पाहिला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं, हेही सांगून टाकते.

सायकलचा नाद घरात मी आणला. रविवारी उजाडताना नाशिकरोडहून निघायचं, सायखेड्याला भजी खायची आणि उन्हं चढायच्या आत परतायचं. वहिनीलाही मीच ओढून नेलं होतं. आमच्या सायकलींची हँडलं खाली वळलेली असतात आणि त्यांच्यावर मऊ टेप गुंडाळावा लागतो, नाहीतर तळहाताचं काही खरं नसतं. माझा टेप काळा. तो माझा मीच गुंडाळला, तीनदा उलगडून, चौथ्यांदा जमला. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि "बरंय" म्हणाले. बाबांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात केबल जोडण्यात हयात घालवली. वेढ्यावर वेढा अर्धा चढला पाहिजे, सुरकुती दिसली तर सगळं परत, असा त्यांचा खाक्या. त्यांचं ते "बरंय" मी आठवडाभर मिरवलं होतं.

"कुणी गुंडाळला गं?" मी वहिनीला विचारलं.

"बाबांनीच करून दिला ना, ताई."

माझ्यासाठी कधी उठले नव्हते ते.

मी तो टेप बोटाने चाचपला. एक सुरकुती नाही. पण चूक होती, आणि ती मला दिसली तेव्हा किती बरं वाटलं ते काय सांगू. केबलवर टेप एकाच दिशेने जातो. हँडलच्या दोन बाजू मात्र एकमेकींच्या उलट गुंडाळायच्या असतात, म्हणजे हाताच्या पिळाने टेप आवळत जातो. वहिनीच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने होत्या. डावी बाजू सैल पडणार हे नक्की होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गप्प बसले.

तिसऱ्याच रविवारी सायखेड्याच्या अलीकडे डावा टेप लोंबायला लागला. मी आनंदाने भज्यांची दुसरी प्लेट मागवली.

तो आनंद आठवडाभरही पुरला नाही. पुढच्या रविवारी टेप पुन्हा चापूनचोपून बसलेला, दिशाही दुरुस्त केलेली. "बाबा नि मी दुपारभर गॅलरीत बसलो होतो," वहिनी म्हणाली. दुपारभर! मी माहेरी गेले की बाबा दहा मिनिटं बोलतात आणि पेपर उघडतात. माझा टेप सैल पडत नव्हता, म्हणून माझी पाळी येत नव्हती. आपलं आपण करणाऱ्या मुलीच्या वाट्याला "बरंय" येतं आणि सुनेच्या वाट्याला दुपार येते, असं मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं. वर हेही ऐकवलं की एवढे लाड करून घेणारी ही बाई बाबांना चहा मात्र अर्धाच कप देते. मी स्वतः पाहिलं होतं.

नंतरच्या शनिवारी मी माझा चांगला टेप उचकटून काढला. गोंद ओरबाडून निघाला. सायकल घेऊन माहेरी गेले. वहिनी अंबडला कंपनीत होती, भाऊही बाहेर. बाबा गॅलरीत एकटेच, मांडीवर पेपर.

"बाबा, टेप सुटला. नवीन आणलाय. गुंडाळून द्या ना."

त्यांनी हँडल पाहिलं. "हे सुटलं नाय. सोडलंय."

मी नवा टेप पुढे केला.

"वहिनी येऊ दे तुझी. मग बसू."

झालं! इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "ती कशाला लागते? माझ्यासाठी एकदा तरी उठा ना, बाबा. तिच्यासाठी दुकानात जाता, तिच्यासाठी पांढरा घेता."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. त्याच्याखाली त्यांचे हात होते. टेपचं टोक त्यांनी उजव्या हाताने धरलं आणि ते टोक हँडलवर टेकेना. अंगठा आपोआप थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, तरी पहिला वेढा तिरका गेला, दुसरा त्याच्यावर चढलाच नाही. अर्धा कप चहा का, ते मला तेव्हा कळलं.

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने. ती गुंडाळती, मी सांगतो. पहिल्या बारीला मीच उलटं सांगितलं, केबलच्या सवयीनं. पांढरा तिनंच घेतला. म्हटली, बाबा, मळला की परत बसू."

"मला का नाही सांगितलं?"

त्यांनी टेप माझ्या मांडीवर ठेवला. "तुझ्यासमोर नको वाटलं."

रडू आलं, पण खरं सांगते, त्या रडण्यातही अर्धी जळजळच होती. हे हात तिने आधी पाहिले होते. ते तिला दाखवायची बाबांना लाज वाटली नव्हती.

मी टेप उचलला. मला सगळं येत होतं, टोक कुठे धरायचं, किती ओढायचं, कुठल्या दिशेने न्यायचं. "कुठून सुरू करू, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "खालून. ओढून धर. अर्ध्यावर अर्धा चढव. हां. वहिनीला तुझ्या पहिल्याच बारीला जमलं हे."

मी ते गिळलं. तिसरा वेढा मुद्दाम वाकडा घातला.

"उलगड," बाबा म्हणाले. "परत घाल."