पिठाखालची काडतुसं

दुष्काळाच्या वर्षी मी नांदेडच्या एका दैनिकात बातमीदार होतो. खडी फोडण्याच्या कामांवर फिरायचं, किती मजूर आले, टँकर आला की नाही, ते कळवायचं. निजामी जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती. संपादक म्हणाले, लातूरजवळच्या मुरुडकडे जातोच आहेस तर एखादा स्वातंत्र्यसैनिक गाठ, पुरवणीला लागेल.

मुरुडजवळच्या एका खेड्यात तसा माणूस भेटला. मोगलाईच्या, म्हणजे निजामीच्या, शेवटच्या वर्षी तो हद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात होता. त्याच्या गावातल्या पोरांकडे दोन बंदुका होत्या, काडतुसं नव्हती. ती कॅम्पातून आणायची तर वाटेत करोडगिरी नाका, म्हणजे निजामाची जकातचौकी. गावाचं दळण मात्र पलीकडच्या गिरणीवरच जाई. त्या डब्यात पिठाखाली काडतुसं घालून आणली, असं त्यानं सांगितलं.

"शिपाई पिठात हात घालीत न्हाई," तो म्हणाला. "हात पांढरा झाला की दिवसभर लोक हसत्यात त्याला."

मधेच घरातल्या एका बाईनं पाणी आणून ठेवलं. अर्धा पेला. ती त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको होती. मी अर्ध्या पेल्याची नोंद केली, दुष्काळाच्या बातमीसाठी.

मजकूर जास्त झाला. मी स्वतःच तो कापला. 'असे ते म्हणाले' हे शब्द चार ठिकाणी होते, ते आधी काढले, कारण ते काढल्यानं माहिती कमी होत नव्हती. उरलं ते असं: त्यांनी पिठाखालून काडतुसे आणली.

पुढे लातूर जिल्हा झाला आणि मला तिथं पाठवलं. गोलाईच्या बाजाराजवळ एका भुसार दुकानाच्या माडीवर आमचं कार्यालय होतं. नव्या जिल्ह्याला स्वतःचा इतिहास हवा होता. गावोगाव स्मृतिस्तंभ उभारायचे ठरले आणि कोणाची नावं कोरायची हे पाहायला एक समिती नेमली गेली. भारताची फौज आली आणि पाच दिवसांत निजामी संपली होती. त्यात कोण होतं, हे ठरवायचं काम मात्र अजून चालू होतं.

एका दुपारी ती बाई माडी चढून आली.

"तुमीच का ते? अर्धा पेला दिला, त्यातलंबी अर्धं ठिवून गेल्ते?"

मी बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"दळण मी न्यायचे, दादा. दीर तिकडं कॅम्पात. बाप्यामानूस दळणाचा डबा घिऊन नाक्यावर गेला तर शिपाई सोडतोय व्हय?"

एवढा साधा प्रश्न मला दहा वर्षांपूर्वी पडला नव्हता. आमच्या भागात दळण पुरुष नेत नाहीत, हे मला माहीत होतं.

"त्यांचं नाव काढू नगा," ती म्हणाली. "त्येच्याखाली माजं घालाय सांगा. तेवढंच."

मी समितीच्या कारकुनाकडे गेलो. त्यानं दिराची फाइल उघडली. तुरुंगाचा दाखला नव्हता. दोघा साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं होती आणि एका कोऱ्या कागदावर माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं होतं.

"प्रसंग एक आणि दावेदार दोन म्हटलं की फेरचौकशी," कारकून म्हणाला. "ती होईपर्यंत दोघांचंही नाव थांबणार. आणि साहेब, हे तर तुम्हीच लिहिलंय."

तिथून खेड्यात गेलो. दीर ओट्यावर बसला होता. मी काय विचारायला आलो ते त्याला आधीच कळलेलं होतं.

"वैनीचं खरं हाय. मी कवा न्हाई म्हनलो?"

"मग तसं लिहून द्या."

"देतो की. मंग इचारतील, आदी खोटं का सांगितलं? तवा तुमी काय सांगनार, पत्रकार?"

मी त्याचा प्रश्न वहीत उतरवून घेतला.

"शाळंत दरसाली झेंड्याला बोलवत्यात. पिठाची गोष्ट सांगाय लावत्यात. लई पाठ झाली. आता कवा कवा मलाच वाटतं, मीच गेल्तो." तो हसला, पण लगेच थांबला. त्याची वहिनी दारात येऊन उभी होती.

मी दुरुस्तीचा मजकूर टाइप करून नेला होता. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवला. सहा ओळी होत्या.

"ह्ये छापलं तर ह्यांचं नाव ऱ्हातंय का?"

"चौकशी होईपर्यंत नाही. नंतरचं सांगता येत नाही."

तिनं दिराकडे पाहिलं, मग घराकडे.

"आन मी ऱ्हायचं कुटं?" ती म्हणाली. "ठिवा खिशात."

मी कागद खिशात ठेवला. छापायचं की नाही हे मी ठरवायचं होतं, असं कोणी म्हणेल. राहायचं तिला होतं.

स्तंभाच्या अनावरणाला मी बातमीदार म्हणून हजर होतो. शाळेच्या मुलींनी पिठाचा प्रसंग करून दाखवला. कोळशाच्या मिशा काढलेली एक मुलगी दीर झाली होती. रिकामा डबा कमरेवर घेऊन ती नाक्याच्या शिपायासमोरून चालली.

बायकांच्या बाजूनं मोठ्यानं आवाज आला.

"अगं, कमरंवर नगं! डोईवर घे! कमरंवर शिपायाचा हात पुरतोय!"

मुलगी थांबली. लोकांनी मागं वळून पाहिलं. दीर पहिल्या रांगेत हार घालून बसला होता. त्यानं मान खाली घातली. वहिनीनं पदर तोंडावर धरला. हेडमास्तरांनी पुढे चला अशी खूण केली आणि मुलगी डबा तसाच कमरेवर घेऊन निघून गेली.

बातमीत मी ते वाक्य घेतलं नाही. घेतलं असतं तर कोण बोललं तेही लिहावं लागलं असतं. कार्यक्रम शांततेत पार पडला, असं लिहिलं.

पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागलं. दगडावर तीच नावं होती. नाटकही तेच होतं. मिशीवाल्या मुलीनं या वेळी डबा डोक्यावर घेतला होता.