अण्णांची सुई

आधीच स्पष्ट सांगतो, भूतखेत, अंगात येणं, बाहेरचं-आतलं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. श्रीगोंद्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पाण्यातली मोटार बंद पडली की लोक आधी नारळ फोडतात आणि मग माझ्याकडे आणतात. मी नारळवाल्यांना तोंडावर हसतो. वायर तुटली असेल तर करंट जात नाही, एवढाच माझा धर्म. त्यामुळे खालचं वाचून कुणाला हसायचं असेल तर हसा... मीही हसलो असतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आमच्या वस्तीचे लाउडस्पीकरवाले. श्रीगोंद्याजवळच्या गावात आमची बौद्ध वस्ती. सगळ्यांनी वर्गणी काढून रेकॉर्ड वाजवायचं मशीन घेतलं होतं, जयंतीसाठी आणि वस्तीतल्या लग्नांसाठी. सांभाळायला अण्णांकडे. लग्नात आहेर पुकारायचा तोही अण्णांनीच. काय आवाज होता! अण्णांची एक सवय – काम झालं की मशीनची सुई, तिच्या डबीसकट, काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. म्हणजे त्यांच्यामागे कुणी मशीनला हात लावून रेकॉर्ड खराब करायला नको.

मी तिसरीत असताना जयंतीच्या आदल्या संध्याकाळी विहारातून मशीन गायब झालं. दाराला कुलूप तसंच, किल्ली अण्णांच्या कमरेला. मग काय! किसननं, म्हणजे अण्णांनी, मशीन विकून दारू ढोसली, असं वस्तीनं ठरवून टाकलं. अण्णा आयुष्यात दारूला शिवले नव्हते. सगळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला, अण्णांचा जिवलग लहानूकाका. "किसन असं करनार न्हाई, मी सांगतो ना!" म्हणून भांडला. पण माईक अण्णांच्या हातात परत कधी आला नाही. तो लहानूकाकाकडे गेला.

अण्णा लवकर गेले. त्यानंतर आमच्या घरात धान्य आलं ते काकाच्या खांद्यावरून. मला आयटीआयला घातलं काकानं, माझ्या लग्नात बापाच्या जागी उभा राहिला काका. माझी आई मरेपर्यंत वस्तीच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसली, चोराची बायको म्हणून. तिच्या बाजूनं बोलायला काकाच असायचा. मला तो देवापेक्षा मोठा, आणि देव मी मानत नाही हे वर सांगितलंच आहे.

आईच्या पेटीत अण्णांची सुई मिळाली, तिच्या डबीसकट. तेव्हापासून डोक्यात किडा, जुनं टर्नटेबल घ्यायचंच. मागच्या वर्षी मोबाईलवर एक जाहिरात दिसली. नगरला (अहिल्यानगर म्हणायची अजून सवय नाही लागली) एक जुन्या वस्तूंचा व्यापारी. मशीन दणकट, मोटार चालू, फक्त पुढच्या दांडीला सुई नाही. "आलं तेव्हाच नव्हती," म्हणाला. मी घासाघीस करून घेतलं, वर चार रेकॉर्ड पदरात पाडून घेतल्या.

घरी आल्यावर हात धुवायच्याही आधी अण्णांची सुई लावली. चपखल बसली. मनीषा, माझी बायको, शेजारी उभी. रेकॉर्ड फिरली... काही नाही. पुन्हा लावली. काही नाही. खोटं कशाला बोलू, मी लहान पोरासारखा हिरमुसलो.

नगरच्या मेकॅनिककडे डबी नेली. कार्ट्रिज म्हणतात तिला, सुईची थरथर विजेत बदलते ती. त्यानं मीटर लावून बघितलं. "मेलीय. ह्या जुन्या डब्यांच्या आत खडा असतो क्षाराचा, हवेतल्या ओलीनं विरघळून जातो. फेकून द्या." मग नवी घ्यायची तर कोणती, यावर आमची तासभर हुज्जत. मॅग्नेटिक घेतली तर आवाज गोड, रेकॉर्डवर वजन कमी, पण वेगळा अॅम्प्लिफायर लागतो आणि आसपासच्या कशाचीही घरघर पकडते. खड्याची घेतली तर दणका जास्त, पण रेकॉर्ड झिजते. मी मॅग्नेटिक घेतली, हिऱ्याचं टोक असलेली. आवाज असा की मनीषा पोळ्या सोडून बाहेर आली.

रविवारी दुपारी मी काकाला बोलावलं. मशीन घेतलंय हे सांगितलं नव्हतं, म्हटलं चकित करू. गाणं चालू होतं. काका मेथीची पिशवी घेऊन दारात आला, "जयभीम रे संजा," म्हणाला – आणि आवाज बंद. रेकॉर्ड फिरतेय, सुई खाचेत, अॅम्पचा दिवा चालू. काका मशीनकडे बघतच राहिला. मी वायरी हलवल्या, पिना काढून घातल्या, शिव्या घातल्या. काका तंबाखू थुंकायला बाहेर गेला, तर गाणं चालू! आत आला, बंद.

माझं डोकं लगेच काकाच्या कानातल्या, ऐकू यायच्या मशीनकडे गेलं. मॅग्नेटिक कार्ट्रिज, जवळ काहीतरी इलेक्ट्रॉनिक... लागली असेल काहीतरी गडबड. पुढच्या रविवारी कानातलं मशीन काढायला लावलं, मोबाईल अंगणात ठेवला. बंद ते बंदच. मग मी हट्टाला पेटलो. मेकॅनिककडून खड्याची कार्ट्रिज आणली, तिला मॅग्नेटशी देणंघेणं नाही. काका उंबऱ्यात, आवाज गायब. मनीषा हसून म्हणाली, "काका, तुमच्यावर रुसलंय बघा ते!" काका हसला नाही.

आता नीट ऐका. रेकॉर्डवर सुई टेकली की अॅम्प बंद असला तरी सुईतूनच बारीक आवाज येतो, डासासारखा. कान जवळ नेला की शब्द कळतात. त्यात विजेचा काही संबंध नाही, नुसतं टोक खाचेत घासतं. मी अॅम्प बंद केला आणि कान लावला. येत होता. "काका, आत ये," म्हटलं. काका आत आला आणि तो आवाजही थांबला. वायर असती तर मी शोधली असती हो, इथं वायरच नव्हती!

काका खाली बसला. मग म्हणाला, "तवाबी माझ्यापुढं ह्ये असंच गप ऱ्हायलं हुतं."

"तवा म्हणजे कधी?"

"उलटं करून बघ. मागच्या कोपऱ्याला लोखंडी पट्टी आसंल. बैलगाडीवरनं पडलं हुतं, तवा किसननं बसिवली."

मी उलटं केलं. पट्टी होती.

"एक दिस लपवनार हुतो फकस्त," काका म्हणाला. "सगळे किसन, किसन करायचे. म्हनलं, मशीन न्हाई म्हनल्यावर जयंतीला नुसत्या माईकवर मी बोलंन. मागल्या खिडकीचा गज काढून नेलं, गज परत बसिवला, मशीन कडब्यात ठेवलं. वाजवून बघावं म्हनलं तर सुई त्याच्या खिशात. आन सकाळी लोकं त्यालाच चोर म्हनाया लागले. मग परत कसं आनू रं? पारनेरच्या पाव्हन्याकडं टाकून दिलं."

माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथं लिहिता येणार नाही. ज्या हातानं आम्हाला भाकरी दिली त्याच हातानं माझ्या बापाचं नाक कापलं होतं! आणि वर सगळ्यांसमोर त्याची बाजू घेतली, आईचं सांत्वन केलं! मी मेथीची पिशवी उचलून अंगणात भिरकावली. म्हटलं, "येत्या जयंतीला माईकवर सांगायचं. सगळ्या वस्तीसमोर. माझ्या बापाचं नाव धुऊन द्यायचं."

"सांगतो," काका म्हणाला. "तुझ्या आयची शपथ. फकस्त एकदा किसनची सुई लाव."

मी रागानंच लावली. म्हटलं बघ, तू काय काय मारून टाकलंस ते बघ. अॅम्प चालू केला, मेलेली कार्ट्रिज रेकॉर्डवर टेकवली.

वाजली.

खणखणीत, सगळं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काका समोर बसलेला असताना. काका हात जोडून ढसाढसा रडला. मनीषा पण रडली. मी तसाच उभा होतो.

जाताना काकाचा चेहरा एकदम हलका झाला होता.

जयंतीला मी आणि मनीषा गावाला गेलो. मिरवणुकीआधी विहारासमोर सगळी वस्ती जमली. काका पहिल्या रांगेत, नव्या पांढऱ्या शर्टात. वंदना झाली, पोरांची भाषणं झाली. माईक काकाकडे आला. त्यानं पोरांना शिका म्हणून सांगितलं, वर्गणीदारांची नावं घेतली आणि माईक खाली ठेवला.

मी त्याला विहारामागे गाठलं. काका अगदी शांतपणे म्हणाला, "त्यानं माफ केलं ना मला. तू सोताच्या कानानं ऐकलंस. आता लोकांना सांगून काय करायचं, संजा?"

वस्तीत मी सांगितलं तर कोण ऐकणार? ज्या काकानं चोराच्या पोराला वाढवलं, त्याच्यावरच उलटला म्हणतील. म्हणून इथं लिहितोय. मेकॅनिकनं ती डबी परत तपासली, मेलेलीच आहे. वाजणं शक्यच नाही म्हणतो. मलाही तेच माहीत आहे. आजपर्यंत मला याचं काही म्हणजे काही उत्तर सापडलेलं नाही.

मनीषा म्हणते, अण्णांनी सोडून दिलं, तुम्हीही सोडा. अहो, पण मला विचारलं का कुणी? काकाचे फोन येतात, मी उचलत नाही. नव्या कार्ट्रिजवर गाणी मस्त वाजतात. आणि अधूनमधून, घरात कुणी नसलं की, मी ती काढून अण्णांची सुई लावतो. रेकॉर्ड फिरत राहते. एवढ्या वर्षांनी अण्णांनी तोंड उघडलं ते लहानूकाकासाठी. माझ्याशी अजून एक शब्द नाही.