खाडीकडची झडप

दिवाळे गावच्या जानू कोळ्याचा थोरला मुलगा जयदेव बेलापूरच्या नव्या वसाहतीत, मैलापाण्याच्या पंप हाऊसवर ऑपरेटर लागला, तेव्हा बापाने नाक मुरडलं होतं. पण पगार सुरू झाला, घरावर पक्की कौलं चढली, आणि म्हातारा गप्प बसला.

चौऱ्याऐंशी साल असेल. वसाहतीत जिकडेतिकडे बांधकामं. रेती, सिमेंट, सगळं गटारात वाहून यायचं आणि पंप हाऊसच्या टाकीत तळाला बसायचं. "पावसाळ्याआधी गाळ काढू," सुपरवायझर सुधीर केळकर म्हणायचे. जयदेवही मान डोलवायचा. त्या टाकीत उतरायची हौस कुणाला?

ऐन गणपतीत पंप रेतीने जाम झाला. टाकी काठोकाठ भरत आली. केळकर धापा टाकत आले.

"जयदेव, खाडीकडची झडप उघड!"

"साहेब, तिकडं आमची जाळी लागलेली हायेत."

"आणि इकडे तळमजल्यावर घराघरांत गणपती बसलेत! मैला उलटा तिथे वर येईल. पंप चालू झाला की लगेच बंद करू."

जयदेवने चाक फिरवलं. काळं पाणी भसाभसा खाडीत सुटलं. संध्याकाळी पंप चालू झाला, पण जयदेव झडप बंद करायला गेला तर तिचा दांडाच तुटला. मैल्याच्या वाफेने लोखंड आतून पार खाऊन टाकलं होतं. नवा दांडा येईपर्यंत विसर्जनही उरकलं.

जानूच्या जाळ्यात मेलेली बोय मासळी आणि काळा चिखल आला. बाजारात त्याची बायको बायजा हिच्या पाटीपाशी गिऱ्हाइकं वाकायची, वास घ्यायची, पुढे जायची.

"तुज्या साहेबाला सांग, पानी काला झालाय," जानू म्हणाला.

"सांगतो, बाबा," म्हणत, झडपेचं न सांगताच जयदेव कामावर निघाला.

पंपावरच्या मदतनीस किसनकडून गावात कळायचं ते कळलंच. जानू ओरडला नाही. ओसरीवर बसून एवढंच म्हणाला, "झडप उघडलीस, ठीक. मना सांगला असतास, तर जाली काढून घेतली असती."

पंप हाऊसवरून गाव सायकलने दहा मिनिटांवर. किसनला पिटाळता आलं असतं. ते जयदेवला सुचलंच नव्हतं.

पुढे टाकी नेमाने साफ होऊ लागली. जयदेव स्वतः मागे लागून करून घ्यायचा. दांड्याला रंग, झडपेला ग्रीस, सगळं वेळच्या वेळी. खाडीत थोडी मासळीही परतली. जानू मात्र खाडीवर परतला नाही. त्याने होडी मेव्हण्याला देऊन टाकली आणि वाशीला एका सोसायटीत वॉचमन झाला. बापलेक रोज एकत्र जेवायला बसत, हवापाण्याचं बोलत. त्या दिवसाचा विषय मात्र दोघांनीही पुन्हा कधी काढला नाही.